होडीच्या पोटावरच्या शिंपल्या

समुद्रातल्या झाडून सगळ्या जिवांची कायमची आणि निर्विवाद विभागणी माणसाने ज्या थोड्या ठिकाणी करून ठेवली आहे, त्यांत खाडीच्या तोंडावरच्या या वस्तीचा नंबर बराच वर लागेल. जे पोहतं ते पुरुषांचं. जे बसून राहतं ते बायकांचं. जे नुसतं वाहत जातं ते कोणाचंच नाही. एवढ्या तीन खणांत अख्खा समुद्र बसवला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या तो मुकाट बसलाही होता. हे ज्ञानाच्या ओढीतून झालं असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. एकाच टोपलीवरून नवरा-बायकोंच्या मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून कोण्या वैतागलेल्या म्हातारीने हा तोडगा काढला होता. खेकडा तिरपा चालतो, वेळप्रसंगी पोहतो आणि उरलेला वेळ बिळात बसतो. त्याच्यावरून मारामाऱ्या अजूनही होतात.

यंदा तिसरा खण फुटला. हंगाम लागताच जेलीफिश आले, आणि आले ते जायचं नाव घेईनात.

पहिल्या दिवशी धाकटा जाळं ओढायला लागला तेव्हा हाताला लागलेल्या वजनाने त्याचा चेहरा फुलला. धाकटा म्हणजे दोन भावांतला धाकटा. केस पांढरे होऊन गळायला लागले होते, पण थोरला भाऊ जिवंत असल्यामुळे त्याला बढती मिळाली नव्हती. थोरला सुकाणूवरून ओरडला, "हळू रे! एवढं भरलंय, फाडशील!"

जाळं वर आलं. त्यात कपड्यांना घालायच्या खळीसारखे थबथबीत गोळे होते, एकावर एक, जाळ्याच्या डोळ्याडोळ्यांतून गळणारे. त्यांत चिरडलेले मूठभर मासे. जाळं होडीत घेता येईना आणि टाकून देता येईना. धाकट्याने उघड्या हातांनी उपसायला सुरुवात केली. जेलीफिशच्या दोऱ्या कोपरापर्यंत चिकटल्या, तिथं लाल वळ उठले. चुकून त्याने डोळा पुसला आणि मग दुपारभर तो एका डोळ्याने काम करत होता.

घरी आल्यावर बायकोने व्हिनेगरची बाटली काढली.

"हात उघडा."

"उघडत नाहीत."

"मग राहू द्या मिटलेलेच. तसंही त्यांत काही नाहीये."

त्यानंतर जेव्हा जेव्हा होडी गेली तेव्हा हेच झालं. जाळं तीन ठिकाणी उसवलं. एकदा इंजिनात ते गोळे ओढले जाऊन इंजिन तापलं आणि दोघे भाऊ वल्ही मारत, एकमेकांना दोष देत परतले. थोरल्याने नांगर टाकला आणि जाहीर केलं, "वारा फिरला की जातील. चार दिवसांची गोष्ट आहे."

वारा फिरला. मग परत फिरला. जेलीफिशना वाऱ्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

एरवी दर महिन्याला होडी वाळूत ओढायची, तिचा तळ खरवडायचा, वाळक्या गवताचा जाळ करून तो शेकायचा आणि तेल पाजायचं, अशी रीत होती. धाकटा दोनदा म्हणालाही, "दादा, ओढून घेऊ या का वर?"

"हंगाम चालू असताना होडी वर?" थोरला म्हणाला. "लोकांना काय वाटेल? घरी बसले म्हणतील."

"आपण घरीच बसलोय."

"आपण घरी बसलोय. होडी पाण्यात आहे. फरक आहे."

इज्जतीसाठी होडी पाण्यात डुलत राहिली.

बायकांची दशा काही वेगळी नव्हती. खाडीतल्या वाळूने यंदा कूस बदलली होती आणि ती त्यांच्या खडकावर चढून बसली होती. वाळूखाली शिंपली जगत नाही. धाकट्याची बायको ओहोटीला टोपली आणि लोखंडी उलथनं घेऊन जायची, कमरेत वाकून खडकाच्या कडाकपारी चाचपायची आणि टोपलीचा तळ झाकेल इतकं घेऊन यायची. अशीच एकदा परत येताना तिचा पाय घसरला आणि तिने तोल सावरायला नांगरलेल्या होडीला हात लावला. पाण्याखाली, होडीच्या पोटाला. हाताला दातांसारखं काहीतरी लागलं.

तिने गुडघे टेकून पाहिलं. काळ्या शिंपल्या. नखाएवढ्या, पण एकीला दुसरीची जागा नसावी इतक्या दाट. तळ भरला होता, नांगराचा दोर भरला होता. इतकं ऐश्वर्य तिने खडकावर कधी पाहिलं नव्हतं. तिने टोपलीवरच्या फडक्याची चिंधी फाडली, दोराला गाठ मारून बांधली आणि घरी येऊन आंघोळ केली.

चिंधीचा अर्थ वस्तीत पोरासोरांना ठाऊक होता. ज्या बाईने खडकाच्या ज्या तुकड्यावर चिंधी बांधली तो तुकडा तिचा; शिंपल्या काढण्याजोग्या होईपर्यंत त्याला कोणी बोट लावायचं नाही. लावलं तर त्या घराशी नळावर कोणी बोलत नसे, आणि ही शिक्षा ज्यांनी भोगली होती ते सांगत की त्यापेक्षा मार परवडला.

धाकट्याने चिंधी पाहिली ती तेलाचा डबा खांद्यावर घेऊन. थोरल्याला न विचारता निदान पाण्याबाहेरच्या फळ्यांना तरी हात फिरवावा म्हणून तो निघाला होता. तो तसाच मागे फिरला.

"होडीला चिंधी कोणी बांधली?"

"मी."

"अगं, होडी म्हणजे खडक आहे का?"

"हलते का?"

धाकट्याने डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग म्हणाला, "नांगर उचलला की हलेल."

"उचला."

त्याने डबा दाराआड ठेवला.

हे सगळं घरातल्या घरात जिरलं असतं. पण त्याच आठवड्यात वरच्या रस्त्यावरचा हॉटेलवाला मोजायची फीत घेऊन किनाऱ्यावर उतरला. त्याचं हॉटेल नवं होतं आणि फाटकापाशी त्याला एक होडी हवी होती. "नवी नको. वापरलेली, अस्सल. माती भरायची आणि पिवळी फुलं लावायची. लोक थांबून फोटो काढतील." तो होडीभोवती गुडघाभर पाण्यात हिंडला. मग त्याने धाकट्याकडेही तशाच नजरेने पाहिलं. "आणि हे उभे राहतील तिच्याजवळ. टोपी घालून. पाहुण्यांना नुसता हात करायचा. सावली आहे तिथं."

धाकट्याला वाटलं, थोरला हॉटेलवाल्याला पाण्यात ढकलेल. थोरल्याने विचारलं, "सावली दिवसभर असते?"

घरी आल्यावर दोघांचं वाजलं.

"दादा, होडी आहे ती! कुंडी नव्हे!"

"होडी कमावते तिला म्हणतात," थोरला गुडघ्याला तेल चोळत म्हणाला. त्याचे गुडघे गेले होते आणि तो कारण शोधत होता हे सगळ्यांना दिसत होतं. "माझा शब्द ऐक. हंगाम संपेपर्यंत होडीने घरात काही आणलं, तर विकायचं नाव काढणार नाही. नाही आणलं, तर ती फाटकावर आणि तू तिच्याशेजारी."

धाकट्याला लहानपणापासून एकच काम येत होतं. पाण्याचा रंग बघून तो जाळं टाकायचा, आणि पाण्यावर असताना त्याला कोणी धाकटा म्हणत नसे. म्हणायला तिथं थोरल्याशिवाय कोणी नव्हतं आणि तो सुकाणू धरून डुलक्या घेत असे. टोपी घालून फाटकावर उभं राहायचं, आणि ओळखीच्या मासेवाल्या बायका समोरून टोपल्या घेऊन जायच्या. त्यांनाही हात करायचा का? हा प्रश्न त्याला जेवताना पडला.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने बायकोला अंगणात गाठलं.

"अगं, त्या शिंपल्या. त्या होडीची कमाई आहे असं धरलं, तर होडी वाचते."

"होडीची कशी? बसलेल्या आहेत."

"होडीवर बसल्यात ना!"

"पुढल्या वर्षी म्हणाल, खडकाला आम्ही दोर बांधतो, खडकही आमचा." ती जाळ्याचं फाटकं टोक सुईने ओढत होती. "तुमची सगळी बाप्ये मंडळी रिकामी बसून खडकाकडे कशी बघतात ते मी बघते. एकदा चिंधी सुटली की सुटली. मग आम्ही बसायचं कुठं?"

"मी फाटकावर उभा राहिलेला चालेल तुला?"

तिने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "नाही चालणार," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "पण चिंधी नाही सोडणार." तेही खरं होतं.

"तुला नवरा जवळचा की शिंपली?"

"शिंपली निदान तोंड मिटून असते."

बोलणी आईपर्यंत गेली. दोघा भावांची आई वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, खडकाच्या वाटण्या तिच्या शब्दाने व्हायच्या. तिला दिसत कमी होतं, त्यामुळे तिच्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करू शकत नसे. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि फर्मान काढलं: निकाल लागेपर्यंत होडीला कोणी हात लावायचा नाही. खरवडायचं नाही, ओढायचं नाही, शेकायचं नाही, तेलसुद्धा नाही. शिंपल्या वाढू द्यायच्या.

निकालाची कोणाला घाई नव्हती. शिंपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या झाल्या, मग अख्ख्या अंगठ्याएवढ्या. वस्तीतली माणसं संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन त्या होडीकडे पाहत. कोणी म्हणे पोहणाऱ्या वस्तूवर बसलेलं ते पोहतंच धरावं. मग डोक्यातल्या उवेला चालणारी म्हणणार का, असं दुसरा विचारी. धाकटा रोज पोहत जाऊन हाताने तळ चाचपून यायचा. तेवढ्याला आईची परवानगी होती, कारण ती तिला माहीत नव्हती. होडी पाण्यात जरा खाली बसल्यासारखी त्याला वाटली. शिंपल्यांचं वजन, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याला बरं वाटलं.

शेवटी मॅडमला विचारायचं ठरलं. मॅडम समुद्राचा अभ्यास करायला मोटारहोडीतून यायच्या, बाटल्यांत पाणी भरायच्या, जेलीफिश बादलीत घालून तोलायच्या आणि सगळ्यांशी हसून बोलायच्या. त्यांना जाळी विणायच्या छपरात खुर्ची दिली. बाकी सगळे जाळ्यांच्या ढिगांवर बसले.

"आधी हे सांगा मॅडम," थोरल्याने सुरुवात केली, "हे गोळे जाणार कधी?"

"सांगता येत नाही. यांना खाणारी कासवं कमी झाली, यांच्या खाण्यात वाटा मागणारे छोटे मासे आपण उपसले. आता मोकळं रान आहे. शिवाय ते माशांची अंडीही खातात."

"म्हणजे आपल्यामुळेच आले म्हणा," धाकट्याची बायको म्हणाली.

"वाहणाऱ्यांचा विषय नंतर," आई म्हणाली. "शिंपलीचं सांग बाई. ती बसणारी की पोहणारी?"

मॅडमनी चष्मा पुसला. त्यांना सरळ उत्तर द्यायची फार इच्छा होती, हे कबूल केलं पाहिजे. "त्याचं असं आहे, अंड्यातून निघते तेव्हा ती ठिपक्याएवढी असते. पाण्याबरोबर वाहते, काही आठवडे."

"वाहते म्हणजे कोणाचीच नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"पण तिला बारीक केस असतात, त्यांनी थोडी पोहतेसुद्धा."

"पोहते!" थोरला म्हणाला.

"मग तिला पाय फुटतो, एकच. त्याने जागा शोधते, पसंत पडली की दोरे काढून स्वतःला चिकटवून घेते. मग बसते."

"बसते," धाकट्याची बायको म्हणाली.

"क्वचित दोरे तोडून थोडी सरकतेसुद्धा. घराणं म्हणाल तर ती मृदुकाय प्राण्यांतली. गोगलगाय, स्क्विड म्हणजे आपलं माकूळ, ऑक्टोपस, सगळी एकाच कुळातली."

माकूळ आणि शिंपली एका कुळातली असतील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. थोरल्याने मात्र धागा पकडला.

"माकूळ पुरुषांचं. पोहतं. त्यावर वाद नाही. मग एका घराण्यातली शिंपलीही पुरुषांची. कूळ बघायचं."

"कूळ कशाला?" आई तडकली. "मुलगी कुठं जन्मली, कोणाच्या घरची, कोण विचारतं? लग्न करून जिथं जाऊन बसली तिथली ती. मी कुठली होते? आता कुठली आहे?"

बायकांनी माना डोलावल्या. धाकट्याची बायको डोलावता डोलावता मध्येच थांबली. तिला पुढचं आधी दिसलं.

धाकट्यालाही दिसलं. तो जाळ्यावरून उठलाच. "आई, मग या शिंपल्या कुठं जाऊन बसल्या?"

तिला दिसत कमी होतं, पण आपलंच बोलणं आपल्या पायात आलेलं तिला स्वच्छ दिसलं. "होडीवर," ती म्हणाली.

"म्हणजे त्या होडीच्या."

"होडीच्या," आई म्हणाली. "या वेळेपुरत्या. खडकावरच्या खडकाच्या, आणि त्यावर पुरुषांनी पाय ठेवायचा नाही, हे आजच सांगून ठेवते."

"आणि नांगराच्या दोरावरच्या?" धाकट्याच्या बायकोने विचारलं. "तिथं माझी चिंधी आहे."

"दोरावरच्या तुझ्या."

तिने जे मिळालं ते पदरात घेतलं. जाता जाता ती नवऱ्याला म्हणाली, "आता तरी हात उघडा. आलंय काहीतरी." धाकटा लहान मुलासारखा हसला.

मॅडमना निकाल कळला नाही, पण तो आपल्यामुळे लागला असं वाटून त्या खूश होत्या. होडी वर ओढाल तेव्हा मलाही बोलवा, म्हणाल्या.

भरतीला होडी किनाऱ्याशी आणली आणि ओंडके घालून वर ओढली. अख्खी वस्ती दोराला लागली. होडी फार जड झाली होती. तळ उघडा पडला तेव्हा सगळ्यांच्या तोंडून आवाज निघाला: काळा, चमकता, टिचभर जाड थर, त्यातून पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या. शिंपल्या होडीच्या ठरल्या होत्या, पण खरवडायचं काम बायकांचंच, याविषयी कोणाचं दुमत नव्हतं. धाकटा मात्र बायकोशेजारी उकिडवा बसला. ती उलथनं घालायची, तो हातांनी ओरबाडून टोपलीत टाकायचा. बोटं कापली, खाऱ्या पाण्याने चरचरली, त्याला त्याचं काही नव्हतं. टोपल्या भरत होत्या. थोरला गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं बाबा. आणलं होडीने. शब्द तो शब्द. नाही विकत."

धाकट्याने ओल्या हाताने डोळे पुसले आणि या वेळी दोन्ही डोळे शाबूत राहिले.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता.

तिचं उलथनं फळीत गेलं होतं. आपटलं नव्हतं, गेलं होतं, पावात सुरी जावी तसं. तिने ते बाहेर काढलं तर लाकडाचा लगदा त्याला चिकटून आला. धाकट्याने तिथं अंगठा दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. त्याने वीतभर पुढे दाबून पाहिलं, मग त्याच्या पुढे. शिंपल्यांचा थर निघालेल्या जागी सगळी फळी आतून पोखरलेली होती, बोटभर जाडीच्या नळ्याच नळ्या, आणि नळ्यांत पांढरे, ओले, लांबलचक किडे. शिंपल्यांनी दोऱ्यांनी आवळून धरली होती म्हणून होडी होडीसारखी दिसत होती.

मॅडम धावत आल्या. त्यांनी एक किडा चिमटीत धरून उजेडात पाहिला. त्याच्या तोंडाशी दोन इवलीशी कवचं होती. "बघा! यांनी लाकूड कोरतो," त्या म्हणाल्या आणि आनंदाने बाटली शोधू लागल्या. "खरं तर हा किडा नाहीच. हीसुद्धा शिंपलीच आहे. त्याच कुळातली."

आईने विचारलं, "बसणारी?"

"कायमची. एकदा आत शिरली की बाहेर येत नाही. तळ शेकला असता, तेल लावलं असतं, तर मरून गेली असती लहानपणीच."

"बसणारी म्हणजे बायकांची," थोरला म्हणाला. त्याने हे चेष्टेने म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडून सवयीने निघालं.

"भाऊजी," धाकट्याची बायको म्हणाली, "आम्हाला नको."

तिने उलथनं वाळूत खोचलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. तो दुसरीकडच्या फळ्या दाबून बघत होता. तिने त्याला थांबवलं नाही. मग तीही दाबून बघू लागली. दोघांनी मिळून सगळी होडी दाबून पाहिली. एके ठिकाणी, सुकाणूजवळ, हातभर लाकूड चांगलं निघालं.

शिंपल्या बाजारात गेल्या. थोरल्याने शब्द पाळला. होडी विकायचं नाव पुन्हा काढलं नाही. ते धाकट्यालाच काढावं लागलं. तो हॉटेलवर गेला, फाटकाबाहेर उभा राहिला, आणि आत बोलावल्यावर त्याने सगळं खरं सांगितलं: तळ गेलाय, पाण्यात घातली तर बुडेल, बघून घ्या, मागाहून बोलू नका.

हॉटेलवाला माळ्याला घेऊन किनाऱ्यावर आला. धाकट्याच्या डोक्याला फीत लावून त्याने टोपीचं माप घेतलं. माळी होडीखाली वाकला, भोकांत बोटं घालून त्याने नीट तपासलं आणि समाधानाने हात झटकले. पाणी निघून जायला भोकं पाडावीच लागली असती, तो म्हणाला, ती आयती झाली.